विष लिहिलेली बरणी

बरणीवर दोन चिठ्ठ्या आहेत.
जुनी, रशियन अक्षरांत: सेवान सरोवर, नोव्हेंबर १९३४, बोजाक, मादी.
दुसरी अरुस्याकच्या हातची, जाड लाल पेन्सिलीने:
विष.

विष कसलं, साधं स्पिरिट.
पण त्या हिवाळ्यांत येरेवानमध्ये दिवसाला तासभर वीज यायची,
लोकांनी बागेतली बाकडी जाळली,
आणि संग्रहालयातल्या बरण्या एकेका रात्रीत कोरड्या पडू लागल्या.
आधी सापांच्या, मग सरड्यांच्या.
पहारेकरी पहाटे गुणगुणत घरी जायचा.
अरुस्याकने पेन्सिल शोधली.
एका शब्दावर एक मासा तगला.

आता मी तिच्या कल्ल्यामागून
मसुराएवढा तुकडा कापते.
वास माशाचा नाही, दवाखान्याचा.
ह्राचिक म्हणतो, तंतुकणिकांमधला डीएनए तेवढा हाती लागेल,
पेशीत त्याच्या शेकडो प्रती,
एखादी तरी धड असेल.
तो येतो आईकडून. फक्त आईकडून.
या माशाला आमच्याकडे इश्खान म्हणतात, म्हणजे राजपुत्र.
राजपुत्राचा बाप कोण,
हे आमचं यंत्र विचारतच नाही.

तीन आठवडे नुसता चुरा.
साठ अक्षरं, चाळीस, कधी जेमतेम तेवीस.
रागाने फाडलेलं पत्र कुणी टेबलावर पुन्हा मांडावं
तशी कडेला कड लावत बसते.
मध्येच माझीच अक्षरं सापडतात,
हातमोज्यातून निसटलेली.
ती तांदळातल्या खड्यांसारखी वेचून टाकते.

मग एका रात्री शेवटचं टोक पहिल्याला येऊन चिकटलं.
साडेसोळा हजारांवर अक्षरं, सदतीस जनुकं, एक कडं.
कड्याला सुरुवात नसते,
पण फाईलला पहिली ओळ लागते,
म्हणून सगळे जिथून मोजतात तिथूनच मोजलं.
एक जागा मात्र शेवटपर्यंत वाचता आली नाही.
तिथे एन लिहायचा. एन म्हणजे माहीत नाही.
एकशे बारा वेळा लिहिलं.

शेजारी हल्लीच्या इश्खानचं कडं ठेवलं,
उबवणकेंद्रातल्या जिवंत मादीचं.
फरक चार अक्षरांचा.
मी दोनदा मोजला, ह्राचिकने तिसऱ्यांदा,
मग तो कॉफी करायला उठला आणि बराच वेळ आला नाही.

रविवारी सेवानला गेले.
रस्त्याच्या कडेला माणसं उभी, दोन्ही हात फाकून:
एवढा आहे, घ्या, एवढा!
मासा कुठेतरी डिकीत, नजरेआड.
वाघार्शाक आजोबांना म्हटलं, चार अक्षरं.
"चार म्हणजे किती?"
काहीच नाही, आजोबा. जवळजवळ तोच मासा.
"तोच कसा?
हल्लीचा नदीत चढतो अंडी घालायला.
हा कधी नाही चढला. तळ्यातच राहायचा, तिकडे, खडीवर,
बर्फ पडायच्या बेतात असताना.
आई म्हणायची, ज्याला नदी लागत नाही तो बोजाक."
तिकडे म्हणून त्यांनी बोट केलं
तिथे हॉटेलच्या गाड्या उभ्या होत्या, आणि पाइनची रांग.
पाणी उतरवलं ते माझ्या जन्माआधी, विजेसाठी.
मठाचं बेट होतं, त्याला जमीन चिकटली.

एवढा असायचा, म्हणाले,
आणि हात फाकले नाहीत,
एकाच हाताची वीत दाखवली, वर चार बोटं.

सोमवारी फाईल पाठवली.
टिपांच्या रकान्यात लिहिलं: नदी लागत नाही.
ह्राचिक म्हणाला, हे काय, पुरावा कुठाय?
राहू दे, म्हटलं.
बरणीत स्पिरिट भरलं, काठोकाठ.
अरुस्याकची चिठ्ठी एका कोपऱ्यात सुटत आली होती,
तिला नवा गोंद लावला.